अकुरेरीहून परत फिरू नका

उत्तर आइसलँडमध्ये अकुरेरी शहरापर्यंत जाऊन परत फिरावं, पुढे सिग्लुफ्योर्दुर या गावात 'एक बंद पडलेलं बंदर' सोडून काही नाही, असं काहीजण म्हणतात. मला ते अजिबात पटलं नाही. बंद पडलं म्हणूनच तर जायचं!

हेरिंग माशावर हे गाव उभं राहिलं. १९०३ साली नॉर्वेजियन मच्छिमार आले आणि एका पिढीत डोंगरकुशीतल्या त्या खाडीत धक्के, खारवण्याची ठाणी, माशाचं तेल काढणारे कारखाने उभे राहिले. पुढे बेसुमार मासेमारी झाली, १९६० च्या दशकाच्या शेवटी हेरिंग संपला आणि गाव ओस पडत गेलं.

गावातल्या हेरिंग संग्रहालयात १९०७ ची जुनी लाकडी इमारत नक्की बघा. वरच्या मजल्यावर मासे खारवणाऱ्या मुली राहायच्या. एकेका खोलीत दाटीवाटीने लावलेल्या खाटा पाहून मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. खाली धक्क्यावर वाकून मासे साफ करायचे, मीठ लावून पिंपात थरावर थर रचायचे. पिंप भरलं की एक बिल्ला मिळायचा, तो त्या मुली आपल्या बुटात टाकायच्या. हात रिकामे कुठे असायचे! बिल्ले मोजून मजुरी. आपल्याकडे सुकट-बोंबील वाळवणाऱ्या कोळणी डोळ्यांसमोर आल्या.

अकुरेरीहून साधारण ७५ किलोमीटर आहे. वाटेत एक बोगदा एकेरी आहे, समोरून गाडी आली की कडेच्या खाचेत थांबायचं, तेवढं सांभाळा. उन्हाळ्यात गेलात तर खारवण्याचं प्रात्यक्षिक कधी आहे ते आधी विचारून घ्या.