फरीदकोटची इस्टेट: 37.5 + 37.5 + 25 हा हिशोब कुठून आला?

पाटवर्धिनी:
पंजाबातल्या फरीदकोट संस्थानचे शेवटचे राजे हरिंदरसिंग ब्रार 16 ऑक्टोबर 1989 ला वारले. एकुलता एक मुलगा 1981 मध्येच अपघातात गेला होता. मागे तीन मुली आणि राजांची आई. मग 1 जून 1982 तारखेचं मृत्युपत्र पुढे आलं आणि सगळी मिळकत मेहरवाल खेवाजी ट्रस्टकडे गेली. तिन्हींपैकी दोन मुली ट्रस्टवर: अध्यक्ष दीपिंदर कौर, उपाध्यक्ष महीपिंदर कौर. थोरल्या अमृत कौर यांना काहीच नाही. त्यांनी 1992 मध्ये दावा लावला. 2013 मध्ये चंदीगडच्या न्यायालयाने मृत्युपत्र बनावट ठरवलं, आणि 7 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं.

मला तीन गोष्टी समजत नाहीत. एक, शेवटचे हिस्से (37.5, 37.5 आणि 25 टक्के) असे विचित्र का? दोन, राजघराण्यात थोरल्या पुरुषाकडे सगळं जातं म्हणतात, मग राजांच्या पुतण्याचा दावा का फेटाळला? तीन, मृत्युपत्र बनावट आहे हे सिद्ध करायला हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल पुरतो का?

सातबारा_उतारा:
हिस्से अजिबात विचित्र नाहीत, मृत्यू कुठल्या क्रमाने झाले ते बघा. मृत्युपत्र बाद झालं की हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 लागू. वर्ग एकच्या वारसांत (ज्यांचा हक्क सगळ्यांत आधी येतो त्यांत) मुलींबरोबर आईसुद्धा येते, आणि राजांची आई मोहिंदर कौर 1989 मध्ये हयात होत्या. म्हणजे चार वारस, प्रत्येकी 25 टक्के. पुढे आई वारल्या. त्यांचे 25 त्यांच्या स्वतःच्या मृत्युपत्राप्रमाणे धाकट्या मुलाच्या, म्हणजे राजांच्या भावाच्या, शाखेकडे. महीपिंदर 2001 मध्ये अविवाहित वारल्या. स्त्रीला वडिलांकडून आलेली मिळकत, तिला मूलबाळ नसेल तर, कलम 15(2) नुसार वडिलांच्या वारसांकडे परत जाते. तोपर्यंत ते वारस म्हणजे दोन बहिणीच. 25 चे निम्मे 12.5. म्हणून 25 + 12.5 = 37.5, दोघींना.

पहिल्या न्यायालयाने सगळं दोन बहिणींत वाटलं होतं. आजीचा (राजांच्या आईचा) हिस्सा जून 2020 मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने त्यात घातला. आपल्याकडे वारस नोंदीच्या अर्जातही नेमकी हीच चूक होते. मयताची आई हयात असताना फक्त बायको-मुलांची नावं दिली जातात आणि दहा वर्षांनी आत्या-काका त्या नावाने उभे राहतात.

कज्जेदलाल:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ज्येष्ठाधिकार हा आता रिवाज म्हणून चालत नाही. 1956 च्या कायद्याचं कलम 5(ii) फक्त दोन प्रकारांना सूट देतं: संस्थानिकाने भारत सरकारशी केलेल्या करारातच मिळकत एका वारसाकडे जाईल असं लिहिलेलं असेल तर, किंवा 1956 आधीच्या एखाद्या कायद्याने तसं ठरलेलं असेल तर. पुतण्याच्या बाजूने राजांनी 1948 मध्ये केलेला इस्टेट कायदा दाखवला गेला, तो टिकला नाही. ‘आमच्यात पूर्वापार असंच’ हे वाक्य जबाबात कितीही दमदार वाटलं तरी कागद लागतो.

तिसरं: तज्ज्ञाचा अहवाल एकटा फार दुबळा. आणि मृत्युपत्र खोटं आहे हे सिद्ध करण्याचा भार मुळात विरोधकावर नसतोच. जो मृत्युपत्र पुढे करतो त्याने ते खरं दाखवायचं, आणि संशयास्पद परिस्थिती असेल तर तिचं निरसनही त्यानेच करायचं. हे 1959 च्या वेंकटचल अय्यंगार निकालापासून पक्कं आहे. सही असल्याचं दाखवलं तरी संशय उरला तर मृत्युपत्र पडतं.

पाटवर्धिनी:
मग संशयास्पद परिस्थिती म्हणजे नेमकं काय? आणि नोंदणी केलेलं असतं तर ट्रस्ट वाचला असता ना?

मोडी_लिपिक:
नाही. मृत्युपत्राची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही आणि नोंदणीने ते आपोआप खरंही ठरत नाही. नोंदणीचा उपयोग इतकाच की दुय्यम निबंधकासमोर माणूस हजर होता याचा पुरावा तयार होतो. मूळ अट साक्षांकनाची: दोन साक्षीदार, प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं किंवा ती त्याची सही असल्याचं त्याच्या तोंडून ऐकलेलं, आणि त्याच्या समोर स्वतः सही केलेली. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. नंतर न्यायालयात, हयात असेल तर, निदान एकाला तपासावंच लागतं. उलटतपासणीत तो ‘मी सही केली, पण समोर कोण होतं आठवत नाही’ म्हणाला की काम फार अवघड होतं.

संशयाचे नेहमीचे मुद्दे: हयात आई-मुलीला कारण न देता वगळणं, लाभार्थ्याने मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेणं, ज्यांचा पगार किंवा पद त्यावर अवलंबून अशांनाच विश्वस्त नेमणं, ते वर्षानुवर्षं कुणालाच माहीत नसणं, पानापानावर सही नसणं. यातला एकटा मुद्दा पुरत नाही, चार एकत्र आले की जड जातं.

सहीच्या तुलनेसाठी त्याच काळातल्या, वादाआधीच्या, मान्य सह्या लागतात. बँकेचं नमुना-सही कार्ड आणि नोंदणीकृत खरेदीखत सगळ्यांत उत्तम. तुलना मूळ कागदावरच. झेरॉक्सवर शाईचा दाब आणि पेन उचललेल्या जागा दिसत नाहीत, तिथेच बहुतेक अहवाल उलटतपासणीत कोसळतात.

सातबारा_उतारा:
एक राहिलं. निकाल लागला म्हणजे ताबा मिळाला असं नव्हे. 2022 च्या आदेशात ट्रस्टला धर्मादाय रुग्णालय फक्त 30 सप्टेंबर 2022 पर्यंत चालवायला दिलं आणि पुढची व्यवस्था, गरज पडल्यास रिसीव्हर (न्यायालयाने नेमलेला मिळकतीचा व्यवस्थापक), न्यायालयाच्या हुकमांवर सोडली. पण 1989 पासून 33 वर्षं ताबा आणि उत्पन्न ट्रस्टकडेच होतं. त्यामुळे दावा लावताना तीन गोष्टी सोबतच मागायच्या: विक्री-भाडेपट्ट्यावर मनाई हुकूम, हिशोब, आणि गरज असेल तर रिसीव्हर. मुंबईतली मिळकत असेल तर दाव्याच्या प्रलंबनाची (मिळकतीवर दावा चालू असल्याची) सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. 1939 च्या मुंबई दुरुस्तीमुळे तिथे नोंद नसेल तर मधल्या खरेदीदारावर दाव्याचा निकाल बंधनकारक राहत नाही. देशात सगळीकडे ही अट नाही, म्हणून बाहेरचे वकीलसुद्धा इथे चुकतात.

कज्जेदलाल:
+1. आणि वर्तमानपत्रातल्या ‘20 हजार कोटी’च्या आकड्यावर फार जाऊ नका. फरीदकोटचा राजवाडा, दिल्लीचं फरीदकोट हाउस, मनीमाजऱ्याचा किल्ला यांचा बाजारभाव काढणं सोपं आहे, सरस-निरस (चांगल्या-कमी चांगल्या मिळकतींचा मेळ घालून) वाटप करणं नाही. वाटपाचा प्राथमिक हुकूमनामा झाल्यावर कमिशनर नेमून मोजणी, मूल्यांकन, हरकती आणि मग अंतिम हुकूमनामा, असा रस्ता असतो. बडोद्याच्या गायकवाडांनी साधारण दोन दशकं भांडून 2013 मध्ये तडजोड केली ती याच कारणाने परवडली. तडजोडीत लक्ष्मीविलास कुणाकडे राहील हे घरचे ठरवू शकतात. न्यायालय टक्के ठरवतं, आणि ज्याची फाळणी होत नाही ते लिलावात काढू शकतं.

पाटवर्धिनी:
आजीचा हिस्सा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. कलम 15(2) वाचते आता. नवरा हयात असताना तेच लागतं का?

सातबारा_उतारा:
मूलबाळ नसेल तर हो. माहेरकडून वारशाने आलेली मिळकत नवऱ्याला न जाता वडिलांच्या वारसांकडे जाते. फक्त वारशाने आलेली, स्वकष्टाची नाही. आणि तिने स्वतः मृत्युपत्र केलं असेल तर हा प्रश्नच येत नाही.