गरिबांना आणखी कर्ज नको, आधी हप्त्याचं वेळापत्रक बदला

कोरडवाहू:
आमच्याकडे विदर्भात एकेका घरात तीन-तीन मायक्रोफायनान्सचे, म्हणजे बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांचे, हप्ते चालू आहेत. एकाचा भरायला दुसऱ्याकडून उचल. तारण लागत नाही म्हणतात, पण गटातल्या बाकीच्या बायका हेच तारण. एकीचे पैसे कमी पडले की मीटिंग उठत नाही. कापूस-सोयाबीनचा पैसा हंगामाला येतो, हप्ता मात्र आठवड्याला किंवा महिन्याला. 2010 मध्ये आंध्रात हेच टोकाला गेलं. आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारला या कंपन्यांच्या वसुलीला लगाम घालणारा वटहुकूम काढावा लागला. आता 2022 च्या नियमांत रिझर्व्ह बँकेने व्याजदरावरची मर्यादा काढली आणि घराच्या मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपर्यंत हप्ते चालतील असं ठरवलं. अर्धं उत्पन्न! आणि शेतमजुराचं मासिक उत्पन्न मोजणार कोण? कर्ज देणाराच.

हिशेबनीस:
वटहुकमानंतर काय झालं तेही सांगा ना. आंध्रातली वसुली थांबली, कंपन्यांचा पैसा अडकला आणि इतर राज्यांतलं कर्जवाटपही आटलं. ब्रेझा आणि किनन या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केलाय. जिथे कर्ज आटलं तिथे गावातली मजुरी घसरली. म्हणजे ज्या मजुराने कधी कर्ज घेतलं नाही, त्याचीही रोजी कमी झाली. कर्ज बंद पाडून गरीब सुटत नाही.

कोरडवाहू:
बंद करा असं मी म्हटलेलं नाही. वाढवू नका म्हणतोय.

गटसचिव_ताई:
दादा, बोलणं सोपं आहे. आमचा बचत गट आहे, बँकेशी जोडलेला. व्याज कमी, आणि गटातल्या गटात फिरवलेल्या पैशाचं व्याज गटातच राहतं. नाबार्डने 1992 ला सुरू केलेली ही पद्धत चांगलीच आहे. पण बँकेकडून कर्ज मंजूर व्हायला किती खेटे घालावे लागतात? पोराला दवाखान्यात न्यायचं असेल तर फायनान्सवाला दारात येतो, नाहीतर सावकार. तुम्ही कर्ज वाढवू नका म्हणालात, तर बाई कुणाकडे जाईल ते आधी सांगा.

दुसरी_बाजू:
ताई, अडीनडीचं मान्य. पण जाहिरातीत सांगतात की कर्जाने गरिबी हटते, बाईच्या हाती घरची सूत्रं येतात. हैदराबादच्या 104 वस्त्यांत बॅनर्जी-डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या वस्त्यांत कर्ज देणाऱ्या कंपनीची शाखा उघडली. आधीपासून धंदा असलेल्यांनी भांडवल वाढवलं. मुलांचं शिक्षण, आरोग्य, बाईचा निर्णयातला वाटा यांत फरक दिसला नाही. ही शहरातली वस्ती होती, गावात पुरतं तसंच होईल असं नाही. तरी मोठमोठे दावे थांबवा.

हिशेबनीस:
गरिबी हटली नाही म्हणून कर्ज वाईट? मध्यमवर्गाच्या गृहकर्जाला ही अट कोणी लावतं का?

कोरडवाहू:
ताईंचा प्रश्न रास्त आहे. म्हणून माझं म्हणणं वेळापत्रकावर येतं. कोलकात्यात कर्जदार बायकांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू करायची सवलत देऊन पाहिली. त्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले, नफाही वाढला. थकबाकीही वाढली, हे लपवत नाही. ती जोखीम व्याजातून कंपनीने झेलावी. पेरणी ते काढणी हप्ता नको, काढणीनंतर मोठा घ्या. कर्ज देणाऱ्या एका तरी कंपनीने आमच्या तालुक्यात हे करून दाखवावं.

गटसचिव_ताई:
आणि काढणीला भाव पडला तर?