नडगी दुखते म्हणून पळणं बंद करायचं का?

धावता_जळगावकर
दिवाळी सरली की मेहरूण तलावाच्या काठी दोन प्रकारची माणसं दिसतात. पळणारी, आणि कठड्यावर बसून नडगी चोळणारी. जानेवारीपर्यंत पहिल्यांतली बरीच दुसऱ्यांत जमा होतात.

मग सल्ले ठरलेले. एक म्हणतो, सहा आठवडे पळणं पूर्ण बंद. दुसरा म्हणतो, भारीतले बूट घे. माझ्या मते बहुतेकांसाठी दोन्ही सल्ले कुचकामी आहेत. शिन स्प्लिंट्स म्हणजे नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर, लांबट पट्ट्यात होणारं दुखणं. हाडावर रोज जेवढा भार पडतो तेवढी डागडुजी त्याला झेपली नाही की ते सुरू होतं. दम काही आठवड्यांत वाढतो, हाड मात्र महिने घेतं. माणूस दमावर जातो आणि फसतो.

आता आपलं खान्देशी वेळापत्रक बघा. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर, पळणं बंद. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलवत नाही, म्हणजे तेव्हाही बंदच. नवरात्रात जाग येते आणि जानेवारीतल्या २१ किलोमीटरसाठी नाव नोंदवलेलं असतं. एवढे महिने निवांत बसलेल्या हाडावर तीन महिन्यांत हा भार टाकला तर ते बोंबलणारच. म्हणून म्हणतो, बंद करू नका. अंतर निम्म्यावर आणा, दिवसाआड पळा, आणि उन्हाळ्यात पहाटे थोडं का होईना चालू ठेवा.

भरतीवाला_भाऊ
जळगावकर, तुमचं गणित पगारदार माणसाचं आहे. मी नंदुरबारकडे पोलीस भरतीची पोरं घेतो. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० एकट्या १६०० मीटरला. पोरगं येऊन सांगतं, "सर, नडगी दुखस." त्याला "कमी कर" म्हटलं तर ते माझ्यासमोर कमी करतं आणि संध्याकाळी डांबरी रस्त्यावर गुपचूप पळून येतं. "बंद" म्हटलं तर निदान निम्म्यावर येतं. अर्धवट सल्ला पुस्तकात बरा दिसतो, मैदानावर नाही. सुरुवातीलाच दोन आठवडे सक्तीनं बसवलेला पोरगा पुढचे तीन महिने लंगडत नाही.

पांझराकाठचा
दोघांनाही पटत नाही. खरा गुन्हेगार सिमेंटचा रस्ता. धुळ्यात आम्ही नकाणे तलावाकडच्या कच्च्या वाटेनं पळतो, तिथं कुणी कुरकुरत नाही. आणि चैत्रात आपल्याकडची माणसं सप्तशृंगी गडावर पायी जातात, कित्येक जण अनवाणी. त्यांना कुठं शिन स्प्लिंट्स होतात? आपणच नाजूक झालोय.

धावता_जळगावकर
@पांझराकाठचा दादा, पदयात्रा आणि पळणं एका मापात मोजू नका. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, पायावर साधारण स्वतःच्या वजनाएवढा किंवा थोडा जास्त भार येतो. पळताना प्रत्येक पावलाला दुप्पट-अडीचपट. आणि गडावर जाणारे पाय सुजवून, फोड घेऊन येतात ते तुम्हाला दिसत नाही, कारण ते तक्रार करत नाहीत. नवस असतो ना.

कच्ची वाट बरी, मान्य. पण उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात, तिथं घोटा मुरगळला तर नडगीचं नावच विसराल.

पांझराकाठचा
मग १० टक्क्यांचा नियम पाळा की. आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त अंतर वाढवायचं नाही. विषय संपला.

फिजिओताई
विषय संपत नाही. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला हाच नियम नवख्या धावपटूंवर तपासला होता, २००८ मध्ये तो अभ्यास छापून आला. हळूहळू वाढवणाऱ्यांत आणि नेहमीच्या वेगानं वाढवणाऱ्यांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, २० टक्क्यांच्या आसपास. म्हणून वाटेल तसं वाढवा असं नाही, पण आकडा पाळला की सुटलो, असंही नाही.

मुळात "बंद की चालू" हे भांडण दुखणं कोणतं ते ठरल्याशिवाय करूच नका. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत न्या. चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्यात सगळीकडे दुखत असेल आणि पळायला लागल्यावर जरा कमी होत असेल, तर जळगावकरांचं खरं. अंतर घटवा, बर्फ लावा, पिंडरीचे व्यायाम करा. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तिथं पळणं पूर्ण बंद, वाद नको. आणि "एक्स-रे नॉर्मल आला" म्हणून उड्या मारू नका. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. तिसरा प्रकार म्हणजे पळताना पिंडरी दगडासारखी ताठ होणं, पायाला मुंग्या येणं आणि थांबलं की काही मिनिटांत सगळं ओसरणं. तो वेगळाच आजार, त्याला तेल चोळून काही होत नाही.

भारी बुटांनी नडगी बरी होते याचा भक्कम पुरावा नाही. खरं तर कुठल्याच एका उपायाचा नाही.

रावेरकरीण
"उन्हाळ्यात पहाटे चालू ठेवा" हे लिहायला सोपं आहे, जळगावकर भाऊ. आमच्याकडे पहाटे पाचला केळीच्या बागांतून जाणाऱ्या रस्त्यावर दिवे नाहीत, कुत्री आहेत आणि माल भरलेले ट्रक आहेत. बाई एकटी पळणार कुठं? मग सात वाजतात, आणि मेमध्ये सातला ऊन तापलेलं असतं. तुमचं वेळापत्रक ज्याला मोकळा रस्ता आहे त्याचं.

शिवाय हे दुखणं बायकांमध्ये जास्त आढळतं, ते कुणी बोललंच नाही. नवरात्रात नऊ दिवस उपास आणि त्याच आठवड्यात पळायला सुरुवात! खाणं कमी, पाळी चुकलेली, हाडाला मिळणार काय? वर ड जीवनसत्त्व. खान्देशात उन्हाला तोटा नाही, पण स्कार्फ-हातमोजे घालून फिरणाऱ्यांच्या अंगाला ते लागतं कुठं?

धावता_जळगावकर
@रावेरकरीण ताई, रस्त्याचं बरोबर आहे. पण मुद्दा रस्त्याचा नाही, भार तुटू न देण्याचा आहे. उन्हाळ्यात घरातच दोरीवरच्या उड्या मारा. जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करा, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. वाकवलं की पिंडरीचा आतला स्नायू कामाला लागतो, नडगीला आधार त्याचाच जास्त.

रावेरकरीण
दोरी ठीक. खालच्या मजल्यावर सासूबाई झोपतात, ते तुम्ही येऊन सांगा.

फिजिओताई
टाचांना आवाज होत नाही, तिथून सुरू करा. परत पळताना पावलं जरा आखूड आणि जलद टाका, मिनिटाला ५ ते १० टक्के जास्त. नडगीवरचा दणका कमी होतो.

भरतीवाला_भाऊ
ताई, बोट दाबून बघायचं उद्यापासून पोरांना शिकवतो. पट्टा का ठिपका, तेवढं मैदानावरच कळेल. पण दोन्हींत मी सांगणार बंद म्हणजे बंदच. संध्याकाळी गुपचूप पळणारे मला ओळखू येतात.