अंबाजोगाईच्या बोळातलं हुरड्याचं आइस्क्रीम: घरी कसं जमवायचं?

मांजराकाठची:
योगेश्वरीचं दर्शन झालं की आम्ही तडक लातूरचा रस्ता धरतो. या जानेवारीत मात्र देवळाजवळच्या एका बोळात शिरलो. दुकानाला पाटी नाही. दोन बाकडी, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आणि लाकडी बादलीत हातानं फिरवायचा पॉट. भिंतीवर खडूनं लिहिलेलं: हुरडा, चिंच-गूळ, कुंथलगिरी पेढा. मुलानं व्हॅनिला मागितलं, तर काका म्हणाले, "ते कुठंबी मिळंल की."

हुरड्याचं आइस्क्रीम मी जन्मात पहिल्यांदा खाल्लं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणसाचा धुरकट वास दुधात पुरता उतरलेला, आणि दाणा दाताखाली मऊ! सीताफळ का नाही विचारलं, तर म्हणाले, "दिवाळीच्या आसपास या. साठवलेला गर मी घालत नाही." या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

सासूबाईंचा पॉट घरी आहे. दाणा बर्फात कडक का होत नाही? आणि चिंचेनं दूध फाटत कसं नाही?

परभणीचा भाऊ:
ताई, दाण्यातलं नुसतं पाणी गोठलं की तो खड्यासारखा लागतो. म्हणून भाजलेला हुरडा साखर घातलेल्या दुधात मंद आचेवर शिजवा आणि रात्रभर त्यातच मुरू द्या. साखर आत गेली की दाणा तितका कडक गोठत नाही. थोडे दाणे वाटून घाला, त्यातल्या पिठानं दूध आपोआप दाट होतं, कॉर्नफ्लोअर लागत नाही. हुरडा गूळभेंडीचा घ्या. नाहीतर आमच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी वसंत', तोही खास हुरड्यासाठीच काढलेला वाण आहे.

चिंच-गूळ खाताना साय लागली का जिभेला?

मांजराकाठची:
नाही हो, पन्ह्यासारखं स्वच्छ लागलं.

परभणीचा भाऊ:
मग त्यात दूध नसणारच. चिंचेचा कोळ, गूळ, पाणी, किंचित सैंधव, बस्स.

धारूरकर:
काकांचं सीताफळाबद्दलचं म्हणणं अगदी खरं. आमच्या बालाघाटातली फळं दिवाळीच्या आगेमागे येतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण गर तापवला की कडवट होतो आणि गुलाबी पडतो. दूध आटवून पूर्ण गार करा, मगच कच्चा गर घाला.

बर्फाचंही सांगतो. तीन भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ, थरावर थर. मिठानं बर्फ शून्याच्या खाली वितळतो आणि वितळताना पॉटमधली उष्णता ओढून घेतो. प्रमाण नीट असेल तर पारा उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो. हातानं फिरवल्यावर यंत्राइतकी हवा शिरत नाही, म्हणून ते इतकं घट्ट लागतं. इटलीतलं जिलेटोही कमी हवेमुळंच दाट असतं. झाकणाच्या फटीतून खारं पाणी मात्र आत जाऊ देऊ नका.

मांजराकाठची:
दोघांचेही मनापासून आभार. रविवारी औशाजवळच्या शेतातून कणसं येणार आहेत. भाऊ, एक लिटर दुधाला हुरडा किती घेऊ?

परभणीचा भाऊ:
एक वाटी पुरे. त्यातला पाव भाग वाटा, बाकीचा अख्खा ठेवा. वेलदोडा घालू नका, धुराचा वास मरतो.