मनोविकार नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणाआधी वॉर्डातील दोन वर्षे सक्तीची असावीत का?

रात्रपाळी:

मिरजेत बीएस्सी नर्सिंग करून, एन्क्लेक्स ही परिचारिका-परवान्याची परीक्षा देऊन मी अमेरिकेत आले आणि गेली आठ वर्षे ओहायोतील एका रुग्णालयाच्या मनोविकार कक्षात, बहुतेक रात्रीच, काम करते आहे. गेल्या वर्षी नोकरी सांभाळून मनोविकार नर्स प्रॅक्टिशनरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. ज्यांना हा मार्ग परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इथे नोंदणीकृत परिचारिकेने एमएसएन (नर्सिंगमधील पदव्युत्तर पदवी) किंवा त्याहून लांब पल्ल्याची डीएनपी (नर्सिंगमधील डॉक्टरेट) पदवी घ्यायची, त्यात शरीरविकृतिशास्त्र, शारीरिक तपासणी आणि औषधशास्त्र हे तीन विषय प्रगत पातळीवर स्वतंत्रपणे शिकायचे, प्रिसेप्टरच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामावर शिकवणाऱ्या अनुभवी व्यावसायिकाच्या, देखरेखीखाली किमान ५०० तास रुग्ण पाहायचे आणि मग सहसा अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटरची १७५ प्रश्नांची परीक्षा द्यायची. त्यानंतर निदान करण्याचा आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळतो. तो स्वतःच्या जबाबदारीवर वापरायचा की डॉक्टरशी करार करून, हे त्या त्या राज्याचा कायदा ठरवतो. २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी हे तास ७५० पर्यंत वाढवले आहेत, ही गोष्ट चांगली झाली. तरीही एक लक्षात घ्यावे की हे प्रमाणपत्र पाच वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत सर्वांसाठी एकच असते, म्हणजे तेवढ्याच तासांत ही सगळी वये बसवायची असतात.

माझे मत असे की, मनोविकार कक्षात निदान दोन वर्षे काम केल्याशिवाय या अभ्यासक्रमाला प्रवेशच देऊ नये. माझ्या तुकडीत काही जणी अशा आहेत की ज्यांनी परिचारिका म्हणून कधीही मनोरुग्णाची शुश्रूषा केलेली नाही, आणि काही संस्थांत तर दुसऱ्या विषयाचा पदवीधरही आधी परवाना आणि लगेच हीच पदवी अशा सलग वाटेने इथवर पोहोचतो.

मी नवी असताना घडलेली एक गोष्ट सांगते. हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचे औषध सुरू केलेला एक तरुण रात्रभर कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होता. नोंदीत 'उत्तेजित' असा शब्द होता आणि गरजेनुसार द्यायचा आणखी एक डोस मी काढूनही ठेवला होता. तेवढ्यात माझ्याबरोबरच्या वयस्कर परिचारिकेने त्याला थांबवून एवढेच विचारले, "बेचैनी मनात आहे की पायांत?" तो म्हणाला, "पायांत." ती अकॅथिझिया होती, म्हणजे त्या औषधानेच आलेली अस्वस्थता, आणि मी तेच औषध आणखी द्यायला निघाले होते. अकॅथिझियाची व्याख्या मला परीक्षेपुरती पाठ होती, पण तो प्रश्न विचारायला मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

निवडुंग:

रात्रपाळी यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु एका शितावरून त्या सगळ्या भाताची परीक्षा करत आहेत असे वाटते. मी न्यू मेक्सिकोत याच क्षेत्रात काम करते. आधी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे कुटुंबातील सर्वांचे नेहमीचे आजार पाहणारी, होते आणि नंतर पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट, म्हणजे पदव्युत्तर पदवीनंतरचे प्रमाणपत्र, घेऊन इकडे वळले. मनोविकार कक्षात मी परिचारिका म्हणून एकही पाळी केलेली नाही, म्हणजे तुमच्या नियमानुसार मी या कामाला अपात्र ठरते.

माझ्या दवाखान्यापासून सर्वांत जवळचा मनोविकारतज्ज्ञ गाडीने अडीच तासांवर आहे आणि तालुक्याच्या, म्हणजे इथल्या काउंटीच्या, रुग्णालयात मनोविकार कक्षच नाही. जिथे कक्ष नाही तिथल्या परिचारिकेने दोन वर्षांचा अनुभव कुठून आणावा? तुमची अट मोठ्या शहरांतल्या परिचारिकांना सोयीची आहे आणि गरज नेमकी उलट दिशेला आहे. अमेरिकेत बारा कोटींहून अधिक लोक मनोविकार सेवेचा तुटवडा असल्याचे सरकारनेच जाहीर केलेल्या भागांत राहतात. मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, रुग्णांना पाहणाऱ्या मनोविकार नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या २०११ ते २०१९ या काळात १६२ टक्क्यांनी वाढली आणि त्याच काळात मनोविकारतज्ज्ञांची सुमारे ६ टक्क्यांनी घटली. ही पोकळी आम्ही हौसेने भरलेली नाही. याच राज्याने २००२ साली विशेष प्रशिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञांनाही औषधे लिहिण्याचा अधिकार देऊन टाकला होता, यावरून इथली निकड कळावी.

दुसरे असे की, वॉर्डात दिसतो तो आजाराचा सर्वांत उग्र चेहरा. माझ्याकडे येणारी बाळंतीण, जी मूल झोपले तरी स्वतः झोपू शकत नाही, किंवा शाळेचे नाव काढताच पोट दुखू लागणारी मुलगी, ही माणसे वॉर्डापर्यंत कधी पोहोचत नाहीत आणि पोहोचू नयेत म्हणूनच आमची खटपट असते. वॉर्डात मुरलेल्या काही सहकाऱ्यांना तर साधे दुःखही आजारासारखे दिसू लागते, हेही मी पाहिले आहे.

उलटतपासणी:

मी महाराष्ट्रातून एमबीबीएस होऊन इथे मनोविकारशास्त्राची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील देखरेखीखालचे विशेष प्रशिक्षण, केलेला डॉक्टर आहे, त्यामुळे माझे मत पूर्वग्रहदूषित आहे असे आधीच धरून चालावे.

गणित साधे आहे. आठवड्याला ४० तास धरले तर ५०० तास म्हणजे साडेबारा आठवडे होतात आणि ७५० तास म्हणजे पुरते एकोणीस आठवडेही नाहीत. मनोविकारतज्ज्ञ वैद्यकीय पदवीनंतर चार वर्षे रेसिडेन्सी करतो आणि त्यात न्यूरॉलॉजीचे व सर्वसाधारण रोगचिकित्सेचे महिनेही असतात. परिचारिका म्हणून आधी मिळालेला अनुभव मौल्यवान आहे, हे मी मनापासून मान्य करतो, पण रात्रपाळी ज्या अनुभवाविषयी बोलत आहेत तो निरीक्षणाचा आहे. निर्णय घेऊन त्याचे परिणाम सहा महिने पाहत राहण्याचा अनुभव त्याहून वेगळा असतो, आणि तो वॉर्डातील नोकरीत मिळत नाही.

माझ्याकडे आलेली एक बाई कित्येक वर्षे लिथियम या मनोविकारावरच्या औषधावर ठणठणीत होती. रक्तदाबासाठी कोणीतरी लघवी वाढवणारी गोळी दिली, गुडघे दुखतात म्हणून तिने स्वतःच दुकानातून आयबुप्रोफेन आणले, आणि या दोन्हींमुळे रक्तातले लिथियम वाढत गेले. हात थरथरू लागले, चाल अडखळू लागली, आणि तिला तपासणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरने ते वयोमानावर ढकलून पुढची तारीख दिली. ही चूक डॉक्टरकडूनही होते, हे इथे लिहिणे माझे कर्तव्य आहे. पण रेसिडेन्सीत आमच्या डोक्यावर कोणीतरी रोज बसलेले असते आणि "लिथियमची पातळी कधी तपासली?" हे विचारल्याशिवाय ते आम्हाला घरी सोडत नाही.

म्हणून माझा आक्षेप प्रवेशाच्या अटीवर नाहीच. पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षे कोणाच्या देखरेखीखाली जातात, हा खरा प्रश्न आहे. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये केलेल्या कायद्यात डॉक्टरच्या देखरेखीविना स्वतंत्रपणे काम करण्याआधी तीन वर्षांचा किंवा ४६०० तासांचा टप्पा ठेवला, तसे काही सर्वत्र व्हावे.

शेवंती:

मी या व्यवसायातील नाही, रुग्णाच्या घरची आहे, आणि तुम्हा तिघांचेही वाचून माझा गोंधळच वाढला आहे.

माझ्या सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला राहायला आल्या आणि दोन-तीन महिन्यांत गप्प गप्प झाल्या. "कशात जीव लागत नाही, छातीत धडधडतं," एवढेच म्हणायच्या. मनोविकारतज्ज्ञाची वेळ चार महिन्यांनंतरची मिळत होती, म्हणून नर्स प्रॅक्टिशनरकडे गेलो. तिने तासभर ऐकून घेतले, मला दुभाषीपणा करताना दोनदा थांबवून "त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगा, तुमचा अर्थ नको," असे बजावले, आणि कोणतीही गोळी लिहिण्याआधी थायरॉइडची तपासणी करायला लावली. थायरॉइड बिघडलेलेच निघाले. त्या बाईने आधी मनोविकार कक्षात काम केले होते का, हे मी कुतूहलाने विचारले, तर तिची सगळी वर्षे अतिदक्षता विभागात गेली होती.

याउलट माझ्या भाच्याला एका ऑनलाइन सेवेतल्या नर्स प्रॅक्टिशनरने वीस मिनिटांच्या व्हिडिओ भेटीत एकाग्रतेसाठीची उत्तेजक गोळी लिहून दिली. त्याला लहानपणापासून काय काय झाले आहे, घरात कोणाला कोणता आजार आहे, यातले काहीही विचारले नाही. तिच्या माहितीच्या पानावर मात्र मनोरुग्णालयातला बारा वर्षांचा अनुभव ठळक अक्षरांत लिहिलेला होता. आता सांगा, आम्ही कोणती अट पाहून निवड करावी?

घाटावरचा:

थोडे इकडचे सांगतो, कारण चर्चा वाचून राहवले नाही. मी महाराष्ट्रात नर्सिंग महाविद्यालयात शिकवतो. आपल्याकडे मनोविकार नर्सिंगमध्ये एमएस्सी आहे, पदविका आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्याही आहे, पण औषध लिहिण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आला तो अतिदक्षतेसाठी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत वीस-वीस वर्षे काढलेल्या परिचारिका आहेत. रुग्ण आज बिघडणार की सुधारणार हे त्या सकाळी त्याच्या अंघोळीला नकार देण्याच्या पद्धतीवरून सांगतात, आणि तरीही नव्या डॉक्टरला त्या फक्त "सर, एकदा बघता का?" एवढेच म्हणू शकतात. रात्रपाळी यांच्या वॉर्डातील त्या वयस्कर परिचारिकेलाही बहुधा एवढेच म्हणता येत असावे. तिने ही पदवी घेतली होती का?

रात्रपाळी:

नाही, घाटावरचा. ती निवृत्त झाली तेव्हाही बेडसाइड परिचारिकाच होती. शिकायला जा असे मी तिला एकदा म्हटले होते, तर म्हणाली की, रात्री माणसांजवळ बसायला मिळते ते सोडून पंधरा-पंधरा मिनिटांच्या भेटी कोण करील.

शेवंती, तुमच्या दोन्ही उदाहरणांनी माझी मांडणी हलली आहे, हे कबूल करते. तुमच्या सासूबाईंना वाचवले ते अतिदक्षतेत लागलेल्या सवयीने, म्हणजे आधी शरीराकडे पाहण्याने. तेव्हा मनोविकार कक्षच हवा असा हट्ट मी सोडते. परंतु कोणत्याही कक्षात दोन वर्षे न काढता थेट या पदवीला येणे मला आजही मान्य नाही.

निवडुंग:

तिथपर्यंत मीही येते. मात्र अकॅथिझियाबद्दल एक सांगायचे राहिले. मी ती ओळखायला शिकले ते प्रिसेप्टरमुळे. अशी औषधे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आधी बसवून आणि मग उभे करून बार्न्सच्या, म्हणजे अकॅथिझिया मोजण्याच्या, मापनपट्टीवर तपासल्याशिवाय त्या मला पुढचा रुग्ण पाहू देत नसत. माझ्याच वर्गातील एका मुलीला मात्र असा प्रिसेप्टर मिळाला की जो आपल्या खोलीत आणि ती कोपऱ्यात लॅपटॉपवर नोंदी टंकत असायची. दोघींच्या कागदावर तास सारखेच भरले. संस्था हजारो डॉलर शुल्क घेतात आणि प्रिसेप्टर शोधायचे काम विद्यार्थिनीच्या गळ्यात घालतात. ओळखीपाळखी संपल्या की दलालाला पैसे मोजून तास विकत घ्यावे लागतात. तासांचा आकडा वाढवल्याने हा बाजार आणखी तेजीत येईल, एवढेच मला दिसते.

रात्रपाळी:

या मुद्द्यावर मात्र मला वाद घालता येत नाही, कारण मी सध्या त्यातूनच जाते आहे. पुढच्या सत्रात मला लहान मुलांचे तास भरायचे आहेत. आजवर एकतीस ठिकाणी पत्रे पाठवली, त्यांतील चोवीस जणांनी उत्तरच दिले नाही आणि उरलेल्यांनी नम्रपणे नकार कळवला. उलटतपासणी, आमच्या तासांचे गणित तुम्ही अचूक मांडलेत, आणि देखरेख हवी हेही योग्यच आहे. म्हणून विचारते, राग मानू नये: आपण स्वतः आजवर किती नर्स प्रॅक्टिशनर विद्यार्थिनींना शिकवायला घेतलेत?

उलटतपासणी:

राग कसला, प्रश्न रास्त आहे. सहा वर्षांत एक. विद्यार्थिनी बरोबर असली की दिवसाला तीन रुग्ण कमी पाहून होतात, आणि वर्षाअखेरीस त्या आकड्याचा हिशेब व्यवस्थापनाला मलाच द्यावा लागतो. मुलांचे रुग्ण माझ्याकडे फार नसतात, पण माझ्याच इमारतीत बालमनोविकारतज्ज्ञ आहेत. ओहायोचाच आहे मी. व्यक्तिगत निरोपात तुमच्या महाविद्यालयाचे करारपत्र पाठवा, सोमवारी त्यांच्याशी बोलतो.