मदत हवी आहे: 'टू हेल अँड बॅक' (1955) ची पूर्ण रुंदीची प्रत

पुढच्या महिन्यात आमच्या फिल्म क्लबात हा चित्रपट दाखवायचा आहे. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन सैनिक ऑडी मर्फीने यात स्वतःचीच भूमिका केली आहे. चित्रण सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीतलं, पण माझ्याकडच्या डीव्हीडीत दोन्ही बाजू कापलेल्या. 26 जानेवारी 1945 चा फ्रान्समधल्या हॉल्ट्झविर गावाजवळचा प्रसंग, पेटलेल्या चिलखती गाडीवर चढून एकट्याने मशीनगन चालवण्याचा, असा अर्धवट दाखवणं मला पटत नाही.

ओटीटीवर शोधलं, सापडला नाही. चोरीच्या प्रती नकोत. प्रेक्षकांत ज्येष्ठ मंडळी बरीच, त्यामुळे इंग्रजी सबटायटल्स हवीतच. ब्लू-रेही चालेल, फक्त आमचा प्लेअर परदेशी रीजनच्या डिस्क घेत नाही.

अशी अधिकृत प्रत भारतात कुठे मिळेल? आणि क्लबात दाखवायची परवानगी कोणाकडे मागायची?