सोलापूर विद्यापीठ होस्टेल : अर्जंट मदत हवी आहे

भीमाकाठ : बहिणीचं एमएस्सीला ॲडमिशन झालं, सोलापूर विद्यापीठ. होस्टेलचा फॉर्म कुठं भरायचा? वेबसाइटवर काही सापडेना. सोमवारी तास चालू होतायत. लवकर सांगा.

सातरस्ता : केगावच्या कॅम्पसवरचं संकुल, म्हणजे विद्यापीठाचा स्वतःचा विभाग, की संलग्न कॉलेज? प्रवर्ग? गाव? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार!

जुनं_केंद्र : मुळात हे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ चं. त्याआधी इथं शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. एकाच जिल्ह्यापुरतं विद्यापीठ. २०१९ पासून नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ.

कडक_भाकरी : सर, इतिहास कुणी विचारला? भाऊ, सरळ स्वाधारचा, म्हणजे राहण्या-खाण्याच्या खर्चाच्या सरकारी योजनेचा, फॉर्म भर. पैसे खात्यात येतात, खोली घे.

सातरस्ता : सगळ्यांना स्वाधार कुठली? ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी. आदिवासी मुलांना स्वयंम. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला सावित्रीबाई फुले आधार. आणि आधी शासकीय वसतिगृहाला अर्ज करायचा. तिथं जागा मिळाली नाही की मग हे.

भीमाकाठ : कॉलेज अशोक चौकाकडं. ओबीसी. गाव मंगळवेढा तालुक्यात. केगावला खोल्या स्वस्त आहेत म्हणे?

सातरस्ता : मग कॅम्पसचं होस्टेल विसरा. आधी कॉलेजच्या ऑफिसात मुलींच्या वसतिगृहाचं विचारा. ॲडमिशन झालं म्हणजे होस्टेल मिळालं असं नाही, अर्ज वेगळा असतो. सोबत ओबीसी वसतिगृहाचा अर्ज. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा, जुना परत येतो.

कडक_भाकरी : केगाव चांगलंय की! मोकळी हवा, गर्दी नाही.

पूर्वभाग : हवा खाऊन तास होतात काय? केगाव पुणे रोडला, अशोक चौक शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. सकाळचं प्रॅक्टिकल हुकणार. कन्ना चौक, साखर पेठेकडं बघा. पण खोली दुपारी बघा. शेजारी यंत्रमाग असेल तर खटखट तेव्हाच कळते. वर पत्रा असेल तर घेऊच नका, एप्रिलमध्ये भट्टी होते. आणि पाण्याचं आधी विचारा, नळाला रोज पाणी नसतं. १००० लिटरची टाकी, चार मुली, माणशी १०० लिटर धरा : अडीच दिवसांत खडखडाट. खाली हौद किंवा बोअर पाहिजेच.

सातरस्ता : भाडेकरार लेखी करा, योजनेला लागतो. बँकेत आधार नुसतं 'लिंक' नको, 'सीडिंग' झालंय का विचारा, म्हणजे आधार नंबरवर येणारे सरकारी पैसे त्याच खात्यात पडायची जोडणी. दोन खाती असतील तर शेवटी ज्याला सीडिंग केलं त्यातच पैसे पडतात. मंजुरी दिसते, पासबुक कोरडं, ते यामुळंच.

भीमाकाठ : खातं जिल्हा बँकेचं आहे, चालेल?

सातरस्ता : सीडिंग असेल तर चालेल. शाखेत जाऊनच विचारा.

चंद्रभागा_११ : पंढरपूरच्या कॉलेजला मुलांचं होस्टेल कसं आहे? इथंच विचारतो.

कडक_भाकरी : वेगळा धागा काढ की बे.